फ्रीमेसन लॉजचे सभासदत्व : बेळगावच्या एका अर्जदाराचा अभिप्राय

फ्रीमेसन संस्थेच्या लॉजमध्ये, म्हणजे तिच्या स्थानिक शाखेत, प्रवेश कसा मिळतो, त्याला वेळ आणि पैसा किती लागतो आणि एवढे सगळे करून हाती काय येते, असे प्रश्न बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडचे परिचित मला वरचेवर विचारतात. प्रत्येकाला निराळे उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे, म्हणून हा अभिप्राय. तो प्रवेशाच्या प्रक्रियेविषयी आहे. लॉजच्या बंद दाराआड होणाऱ्या विधींविषयी नाही, कारण त्यांबद्दल न बोलण्याचा शब्द मी दिलेला आहे आणि अर्ज करावा की करू नये हे ठरवण्यासाठी त्यांची माहिती लागतही नाही. माझ्या लॉजचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढे काही तक्रारी आल्या आहेत, आणि ज्यांच्या पंगतीला बसतो त्यांची उणीदुणी नावानिशी चव्हाट्यावर मांडणे मला प्रशस्त वाटत नाही.

ज्यांना संस्थेची ओळखच नाही त्यांच्यासाठी थोडेसे. युरोपात चर्च आणि किल्ले बांधणाऱ्या पाथरवटांचे जे संघ होते, त्यांची हत्यारे, त्यांच्या पायऱ्या आणि त्यांचे संकेत उचलून, बांधकामाशी काडीचाही संबंध नसलेल्या मंडळींनी शीलाची जोपासना करणारी ही बंधुसंस्था उभी केली. गुण्या आणि कंपास ही तिची खूण त्यामुळेच आहे. लंडनमधील चार लॉजनी २४ जून १७१७ रोजी एकत्र येऊन पहिले ग्रँड लॉज, म्हणजे लॉजवरची मध्यवर्ती संस्था, स्थापन केले, जेम्स अँडरसन यांनी लिहिलेली त्याची घटना १७२३ मध्ये छापली गेली, आणि १७३० च्या सुमारास कलकत्त्यात भारतातील पहिले लॉज भरू लागले. पलटणींबरोबर गावोगाव फिरणारी लष्करी लॉजही होती, त्यामुळे जिथे छावणी तिथे पुढेमागे मेसॉनिक हॉल उभा राहिला. बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेल्यानंतर वसलेला आपला कॅम्प ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या छावणी-संस्कृतीची कल्पना निराळी द्यायला नको. अशा हॉलना देशभरातील छावण्यांत लोक ‘जादूघर’ किंवा ‘भूतबंगला’ म्हणत आले आहेत. खिडक्या बंद, आत काय चालते ते कळत नाही, आणि दारावर नागवी तलवार घेऊन एक माणूस उभा. मग दुसरे काय म्हणणार? त्या तलवारवाल्या पहारेकऱ्याला टायलर म्हणतात. तो संस्थेचाच सभासद असतो आणि बैठक संपली की सगळ्यांबरोबर जेवायला बसतो, एवढे सांगितले तरी निम्मी भुते पळून जावीत.

ही गोऱ्या साहेबांची संस्था म्हणून जी हेटाळणी होते, तिच्यात पूर्वी तथ्य होते. मुंबईत डॉ. जेम्स बर्न्स यांनी १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढले, ते एतद्देशीयांना दार मोकळे करण्यासाठीच. पारशी आणि मुसलमान गृहस्थ तिथून आत आले. कलकत्त्यात मात्र प्रसन्नकुमार दत्त या हिंदू गृहस्थांना अनेक वर्षे झगडावे लागले आणि १८७२ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. बारा वर्षांनी, १८८४ मध्ये, त्याच शहरातील ‘अँकर अँड होप’ या लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाच्या तरुणाने प्रवेश घेतला. पुढे जग त्यांना स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागले. २४ नोव्हेंबर १९६१ पासून भारताचे स्वतंत्र ग्रँड लॉज आहे. त्याचे मुख्यालय दिल्लीत असून त्याखाली उत्तर, पूर्व, पश्चिम आणि दक्षिण असे चार विभाग आहेत. आज लॉजमध्ये गोरा साहेब दिसलाच तर तो पाहुणा म्हणून आलेला असतो.

सीमाभागातला मराठी माणूस कशाचा ना कशाचा सभासद असतोच. गल्लीचे गणेशोत्सव मंडळ, तालीम, भजनी मंडळ, पतसंस्था, दूध सोसायटी, वाचनालय, ज्ञातीची संस्था, यांपैकी चार-पाच पावतीपुस्तके तरी प्रत्येक घरातून फाडली जातात. परंतु या सभासदत्वांत निवड म्हणून फारशी नसते. मंडळात आपण गल्लीत जन्मल्यामुळे असतो, ज्ञातीच्या संस्थेत आडनावामुळे असतो, आणि पतसंस्थेत कर्जाला जामीन लागतो म्हणून असतो. शेअरची रक्कम भरली, पावती घेतली, वार्षिक सभेला चहा-चिवडा घेतला, संपले. तुम्हाला आमच्यात का यायचे आहे, हा प्रश्न मला तोवरच्या आयुष्यात एकाही संस्थेने विचारला नव्हता. लॉजने तो पहिल्या भेटीत विचारला, अर्जात विचारला, चौकशी समितीने विचारला आणि मी घाईघाईत दिलेले पहिले उत्तर नम्रपणे बाजूला ठेवून पुन्हा विचारला. या साऱ्या प्रक्रियेचा मोठेपणा मला याच एका गोष्टीत दिसतो, आणि तिच्यातल्या उणिवाही मी याच मापाने मोजणार आहे.

प्रवेशाचा पहिला टप्पा असा आहे की तुम्हाला कोणी बोलावणार नाही. इच्छुकाने स्वतः विचारले पाहिजे, असा संस्थेचा जुना दंडक आहे, आणि अर्जावर सही करताना आपण कोणाच्या आग्रहावरून किंवा आर्थिक लाभाच्या आशेने आलो नाही, असे लिहून द्यावे लागते. मी हिशेबनिसाचा व्यवसाय करतो. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांच्या बोटात गुण्या-कंपास कोरलेली अंगठी होती. विवरणपत्रावर सही करताना ती टेबलाच्या काचेवर टक् करून वाजायची, आणि वर्षानुवर्षे ती पाहूनही मी कधी त्याबद्दल बोललो नव्हतो. एकदा विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “विचारलंत ते बरं झालं. आपणहून सांगायची आमच्यात पद्धत नाही.” हा दंडक मला तत्त्वतः मान्य आहे, ओळखीचा विमा एजंट दिसला की रस्ता बदलणाऱ्या आपल्या समाजात तर तो फारच सुखावह आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी की ज्यांच्या ओळखीत असा अंगठीवाला गृहस्थ नाही, त्यांनी विचारायचे कोणाला? मी त्यापूर्वी लॉजच्या अधिकृत म्हणून दिलेल्या पत्त्यावर ई-मेल पाठवला होता. त्याचे उत्तर आजतागायत आलेले नाही. हाच अनुभव खानापूरच्या एका प्राध्यापक मित्राला आला आणि ‘यांना आपल्यासारखे नको असतील’ असे समजून त्याने नाद सोडून दिला. वस्तुस्थिती अशी होती की ती पेटी उघडून बघण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांना ती उघडता येत नव्हती. स्वतः होऊन कोणाला बोलवायचे नाही हे ठीक आहे. दार वाजवणाऱ्याला ‘ओ’ देखील न देणे ठीक नाही. या बाबतीत मी संस्थेचे गुण कापणार.

त्यानंतर एक-दोन अनौपचारिक भेटी होतात. माझ्या भेटी कॅम्पातल्या एका साध्या हॉटेलात झाल्या. समोर बसलेल्या तिघांनी माझा धंदा, उत्पन्न, जात, गाव यांतले काहीही विचारले नाही; मी काय वाचतो, कोणाच्या आजारपणात धावून जातो, रागावलो तर किती दिवस बोलत नाही, असले प्रश्न ते विचारत राहिले. सभासदाला सामान्यतः एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, त्याचे वर्तन निष्कलंक असावे लागते आणि परमेश्वरावर त्याची श्रद्धा असावी लागते. सूचक आणि अनुमोदक असे दोन सभासद अर्जाला लागतात. हे दोघे केवळ सहीचे धनी नसतात; माणूस पुढे बिघडला तर लॉजमध्ये त्यांच्याकडेच बघितले जाते, त्यामुळे नुकतीच ओळख झालेल्या इच्छुकाला ते काही महिने थांबवतात. ज्याला हे अपमानास्पद वाटते त्याने इथेच थांबावे, कारण पुढे थांबण्याचेच काम अधिक आहे.

परमेश्वरावरील श्रद्धेच्या अटीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण अर्जदारांचा सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. देव कोणता, हे लॉज विचारत नाही. विठोबा, बसवण्णांनी सांगितलेले इष्टलिंग, अल्ला, येशू, वाहेगुरू, अहुर मज्द, ज्याला जो मानायचा तो त्याने मानावा. शपथ ज्याची त्याने आपापल्या धर्मग्रंथावर घ्यायची असते आणि भारतातील लॉजमध्ये त्यासाठी एकाहून अधिक धर्मग्रंथ ठेवलेले असतात. परंतु ‘मी कोणताच मानत नाही’ या उत्तराला जागा नाही. माझा एक सुधारकी वळणाचा मित्र, स्वभावाने कोणाही आस्तिकापेक्षा सज्जन, या अटीवर अडला. खोटे बोलून आत जाण्याचा मार्ग त्याला सहज मोकळा होता, तो त्याने घेतला नाही, आणि समितीनेही त्याला ‘असू दे हो, नावापुरते लिहा’ असे सुचवले नाही. मला दोन्ही बाजूंचे वागणे आवडले, अट मात्र तितकीशी आवडली नाही. आपल्या भागात जैन समाज मोठा आहे. सृष्टीचा कर्ता असा ईश्वर ज्यांच्या दर्शनात बसत नाही, त्यांनी ‘परमतत्त्व’ म्हणजे आपण काय मानतो हे आधी स्वतःशी नीट ठरवावे आणि चौकशी समितीपुढे मोकळेपणाने मांडावे. व्याख्या मागितली जात नाही, प्रामाणिकपणा मागितला जातो. कॅथलिक ख्रिस्ती मित्रांची अडचण याच्या उलट आहे. लॉजला त्यांचे वावडे नाही, पण त्यांच्या चर्चला लॉजचे आहे. १७३८ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी घातलेली बंदी रोमने १९८३ मध्ये पुन्हा ठामपणे सांगितली आहे. त्यामुळे कॅम्पातल्या कॅथलिक कुटुंबातील कोणी इच्छुक असल्यास त्याने सही करण्यापूर्वी आपल्या फादरशी बोलावे, नंतर नव्हे.

अर्ज आत गेला की चौकशी समिती घरी येते. हे कळले तेव्हा आमच्या घरात “म्हणजे ह्या वयात तुम्हालाच दाखवायचं हाय म्हणा की,” असा शेरा मिळाला, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. ठरलेल्या संध्याकाळी तिघे आले. त्यांतले सर्वांत ज्येष्ठ, घरी कन्नड बोलणारे, बाजारात दोन पिढ्यांचे दुकान असलेले व्यापारी होते. त्यांनी माझ्याकडे फारसे लक्षच दिले नाही. कुंद्याची वाटी हातात घेऊन ते थेट माझ्या पत्नीला म्हणाले, “वैनी, ह्यांच्याशी आमी बोललाव. आता तुमचं सांगा. तुमची मर्जी नसंल तर आमी चहा पिऊन जाताव, राग न्हाई.” बाईंना विचारण्याची ही पद्धत दिखाऊ असेल, असे मला आधी वाटत होते. पण मग तिने तीन प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे कशी दिली गेली ते मी ऐकले. बैठकीच्या रात्री घरी किती वाजता येणार, हा पहिला. अकरा तरी वाजतात, लवकर येतो म्हणून कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका, असे उत्तर मिळाले. तिथे दारू असते काय, हा दुसरा. जेवणाच्या वेळी काही जण घेतात, बरेच घेत नाहीत, आग्रह करणाऱ्याला आम्ही आवरतो, असे सांगण्यात आले. उद्या ह्यांना काही झाले तर तुमची संस्था बघणार काय, हा तिसरा प्रश्न तिने जरा खालच्या आवाजात विचारला. त्यावर व्यापारीकाका म्हणाले, “खोटं कशाला सांगू वैनी, पेन्शन न्हाई, विमा न्हाई. माणसं येतील, दारात हुबी ऱ्हातील, जमंल तेवढं करतील. लिहून द्यायसारखं कायच न्हाई.” तिने होकार दिला. मला वाटते, या उत्तरामुळेच दिला.

चौकशीनंतर लॉजच्या बैठकीत अर्ज वाचला जातो आणि गुप्त मतदान होते. पांढरी गोळी होकाराची, काळी नकाराची. किती काळ्या गोळ्यांनी अर्ज फेटाळला जातो हे त्या त्या लॉजच्या उपनियमांवर अवलंबून असते. कुठे कुठे एक गोळीही पुरते. कोणी टाकली, का टाकली, हे विचारायची मुभा नाही. ही पद्धत उघडउघड अन्यायाची आहे असे माझे एक वकील स्नेही म्हणतात, आणि न्यायालयाच्या कसोटीवर ते खरेही आहे. पण जिथे माणसांनी वर्षानुवर्षे एकमेकांशेजारी विश्वासाने बसायचे आहे, तिथे एकाचाही मनापासून विरोध असताना दुसऱ्याला आत ढकलण्यात शहाणपण नाही, असे मला वाटते. शिवाय सूचक जर जाणता असेल तर असा विरोध मतदानापूर्वीच त्याच्या कानावर येतो आणि तो अर्ज पुढे नेतच नाही. नाकारला गेलेला अर्जदार त्यामुळे क्वचित दिसतो. ताटकळत ठेवलेले बरेच दिसतात.

आता सीमाभागाच्या दृष्टीने जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते तिच्याकडे येतो. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद करण्यास सक्त मनाई आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा साधा शिष्टाचार वाटेल. बेळगावात १ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे भाषावार प्रांतरचनेत हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला त्या दिवसापासून, दुकानाची पाटी, शाळेचे माध्यम, सातबाऱ्याची भाषा, यांतले काहीच राजकारणाबाहेर राहिलेले नाही. महाजन आयोग झाला, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, सुवर्णविधानसौध उभे राहिले, २०१४ मध्ये शहराचे अधिकृत नावही बदलले. दर १ नोव्हेंबरला एकाच गल्लीत एका घरी राज्योत्सव असतो आणि समोरच्या घरातला माणूस काळा दिन म्हणून दंडाला काळी फीत बांधून बाहेर पडतो. हे दोघेही माझ्या लॉजमध्ये आहेत. पहिल्याची आई वारली तेव्हा दुसरा स्मशानात सगळ्यांत आधी पोहोचला होता. मनाईमुळे माझी मते बदललेली नाहीत, त्यांचीही नाहीत, आणि ती बदलावीत अशी अपेक्षाही नाही. सीमाप्रश्नावर एक शब्द न बोलता संध्याकाळ घालवता येते, हे मला चाळिशी ओलांडल्यावर प्रथम कळले. अर्थात या मौनाचा कोणाला जाच होणेही स्वाभाविक आहे. ज्या कार्यकर्त्याने आयुष्य लढ्यात घातले आहे, त्याला अशी शांतता पळपुटेपणाची वाटेल. अशा गृहस्थाने अर्ज करण्यापूर्वी याचा विचार जरूर करावा.

कामकाज इंग्रजीत चालते. तेही जुन्या वळणाचे, लांबलचक वाक्यांचे इंग्रजी, आणि त्यातला बराच भाग पाठ म्हणावा लागतो. मराठी माध्यमात शिकलेल्यांना याचा धसका वाटतो, तो अनाठायी आहे. लहानपणी ज्याच्याकडून रामरक्षा किंवा हरिपाठ पाठ करवून घेतला आहे, त्याची जीभ या कामाला कॉन्व्हेंटवाल्यांपेक्षा लवकर वळते, असे माझे निरीक्षण आहे. पायऱ्या तीन आहेत : एंटर्ड ॲप्रेंटिस, फेलो क्राफ्ट आणि मास्टर मेसन. एक झाल्याशिवाय दुसरी मिळत नाही, आणि प्रत्येक वेळी मागच्या पायरीवरची प्रश्नोत्तरे सर्वांसमोर म्हणून दाखवावी लागतात. लॉजच्या प्रमुखाला वर्शिपफुल मास्टर म्हणतात. तो सामान्यतः दरवर्षी बदलतो, हे मला फार आवडले. एकाच खुर्चीला पंचवीस-पंचवीस वर्षे चिकटून बसलेले अध्यक्ष आपण आपल्या संस्थांतून पाहतोच.

पैशाच्या बाबतीत मात्र मी समाधानी नाही. प्रवेशशुल्क एकदाच भरायचे, वार्षिक वर्गणी दरवर्षी भरायची, बैठकीनंतरच्या जेवणाचा खर्च निराळा, धर्मादाय पेटीत यथाशक्ती टाकायचे ते निराळे, आणि गडद रंगाचा सूट, पांढरे हातमोजे वगैरे पोशाखाचा खर्च आणखी निराळा. यांतला कोणताही आकडा अवाजवी नाही. मध्यम उत्पन्नाच्या माणसाला तो झेपतो आणि वर्षाचे हिशेब तपासून सभासदांपुढे ठेवले जातात, याची मी व्यावसायिक खात्री देऊ शकतो. तक्रार आहे ती हे सारे एका कागदावर लिहून कोणी देत नाही याची. प्रवेशशुल्क आधी कळले, जेवणाचे नंतर, आणि सूट काळाच हवा हे तर शिंप्याने करड्या कापडाला कात्री लावल्यावर कळले. चारचौघांत पैशाचे विचारायला संकोचणारा एखादा शिक्षक किंवा कारकून यामुळे अडचणीत येऊ शकतो. मी हे सेक्रेटरींना लेखी कळवले, आणि आता नव्या इच्छुकाला खर्चाचा छापील तक्ता मिळतो, तोही अद्याप इंग्रजीतच.

हाती काय येते, या प्रश्नाचे उत्तर अनेकांना निराश करील. धंद्याच्या ओळखी हव्या असतील तर इथे येऊ नये. कोणी कोणाला काम देत नाही असे नाही, पण ते मागण्याची सोय नाही आणि मागणाऱ्याकडे भुवया उंचावून पाहिले जाते. समाजसेवा डोळ्यांना दिसेल अशा प्रमाणात करायची असेल, तर १९०५ मध्ये शिकागोत सुरू झालेली रोटरी किंवा १९१७ पासूनची लायन्स या संस्था अधिक योग्य आहेत; शिबिरे, रक्तदान, शाळांची स्वच्छतागृहे ही कामे त्या सीमाभागात पुष्कळ करतात. भारतीय फ्रीमेसनांचीही कामे आहेत, कोईमतूरचे मुलांचे मेसॉनिक रुग्णालय त्यांतले ठळक, पण एखाद्या लहान लॉजचा हात त्याच्या पेटीएवढाच पोहोचतो आणि दानाचे फोटो काढण्याची रीत नसल्याने तो दिसतही नाही. मला जे मिळाले ते असे : महिन्यातून एक संध्याकाळ फोन बंद ठेवून, वयाने वीस वर्षांनी मोठ्या आणि धंद्याने, भाषेने, धर्माने माझ्याहून निराळ्या माणसांशेजारी बसायचे, ठरलेले काम नेमकेपणाने करायचे आणि मग एकत्र जेवायचे. सरासरी वय जास्त आहे. तरुण अर्जदाराला पहिले वर्ष कंटाळवाणे जाण्याची शक्यता मी लपवणार नाही.

स्त्रियांना भारताच्या ग्रँड लॉजखालील लॉजमध्ये प्रवेश नाही. १८९३ मध्ये पॅरिसमध्ये निघालेल्या आणि ॲनी बेझंट यांनी १९०२ नंतर भारतात आणलेल्या संयुक्त परंपरेत स्त्री-पुरुष दोघे असतात, पण मुख्य प्रवाहातील लॉज तिला मान्यता देत नाहीत. या नियमाचे समर्थन मी अनेकांकडून ऐकले आहे; एकही पटलेले नाही. माझ्या मुलीने विचारले तेव्हा मी तिला एवढेच सांगितले की नियम असा आहे आणि मला त्याचे कारण देता येत नाही.

फसवणुकीबद्दल सावध करणे आवश्यक आहे. व्हॉट्सॲप आणि फेसबुकवर ‘इल्युमिनाटी’ किंवा ‘फ्रीमेसन’ अशा नावाने, सभासद व्हा आणि श्रीमंत व्हा, नोंदणीचे इतके रुपये अमुक क्रमांकावर पाठवा, असे संदेश फिरत असतात. निपाणीकडच्या एका तरुणाने असे पैसे पाठवून मग मला ‘दीक्षा कधी’ म्हणून विचारले होते. खरे लॉज संदेश पाठवून सभासद गोळा करीत नाही, श्रीमंतीचे आश्वासन देत नाही आणि मतदान होण्यापूर्वी अनोळखी खात्यावर पैसे मागत नाही. शंका आल्यास दिल्लीच्या ग्रँड लॉजकडे लेखी चौकशी करावी.

ज्यांना हे सारे वाचूनही अर्ज करायचा आहे, त्यांनी पहिल्याच भेटीत तीन गोष्टी मागून घ्याव्यात : उपनियमांची प्रत, खर्चाचा तक्ता आणि वर्षभराच्या बैठकांच्या तारखा. तारखा विशेष महत्त्वाच्या आहेत, कारण खानापूर किंवा चिकोडीहून येणाऱ्याला पावसाळ्यात रात्री परतणे सोपे नसते आणि सतत गैरहजर राहणारा सभासद लॉजलाही नको असतो. सभासदत्व सोडायचे झाल्यास वर्गणीची बाकी चुकती करून राजीनामा देता येतो आणि तसा दाखला मिळतो; बदलीच्या नोकरीतल्यांना तोच दाखला दुसऱ्या गावच्या लॉजमध्ये अर्ज करताना उपयोगी पडतो. खर्चाच्या तक्त्याचा कन्नड मसुदा व्यापारीकाकांनी तयार केला आहे. मराठी मसुदा माझ्याकडे आहे, आणि पुढच्या बैठकीत तो त्यांच्याच हातात तपासायला जाणार आहे.